डॉल्फिन कानांनी शोधायचा तर: मांडवीच्या मुखापाशी हायड्रोफोन आणि संगणकावरची रंगीत तालीम

गोव्यात कोको बीचवरून सुटणाऱ्या डॉल्फिन ट्रिपच्या बोटीत बसलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. नावाडी हात दाखवतो, "तो बघा!" आणि आपली मान वळेपर्यंत पाणी पुन्हा सपाट. श्वासापुरती पाठ वर येते, बाकी सगळा वेळ प्राणी पाण्याखाली. खाली मात्र तो क्वचितच गप्प असतो. शिट्ट्या घालतो, टकटक करत वाट चाचपतो, माशामागे लागला की त्या टकटकीचा नुसता करकराट होतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच, म्हणून त्याचं जगणंच आवाजावर चालतं. त्याचा माग काढायचा तर आपणही डोळे बाजूला ठेवून कान वापरावेत.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली ऐकणारा माइक, पाण्यात सोडला आणि तीन रविवार फक्त इंजिनं रेकॉर्ड करून घरी आलो. मग कळलं की क्रम उलटा हवा होता. आपल्याकडे जत्रेतलं नाटकसुद्धा रंगीत तालमीशिवाय उभं राहत नाही. समुद्रात दोरी सोडण्याआधी संगणकावर खोटा डॉल्फिन सोडून बघायचा, तो आपल्या माइकना सापडतो का ते तपासायचं, आणि मगच पैसे खर्च करायचे. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

कुणाचा आवाज ऐकायचाय?

हे आधी ठरवा, कारण सगळी उपकरणं यावर ठरतात.

सिंकेरी, आग्वाद, मुरगावचा उपसागर, पाळोळें इथे किनाऱ्यालगत दिसतो तो बहुधा हिंदी महासागरी कुबडा डॉल्फिन, शास्त्रीय नाव सौसा प्लम्बिया. जागतिक यादीत तो 'संकटग्रस्त' आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिट्ट्या ढोबळमानाने ३ ते २० किलोहर्ट्झमध्ये असतात. आपल्या कानाला त्यातल्या बऱ्याचशा ऐकू येतात. टकटक मात्र १०० किलोहर्ट्झच्याही वर जाते.

दुसरा रहिवासी म्हणजे पाठीवर पर नसलेला छोटा पॉर्पॉईज, डॉल्फिनचाच एक भाईबंद. तो शिट्टी घालतच नाही. त्याची टकटक १२० ते १३० किलोहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात असते. रेकॉर्डरला एखादी वारंवारता पकडायची तर सेकंदाला तिच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यावे लागतात, म्हणजे पॉर्पॉईजसाठी सेकंदाला पावणेतीन लाखांच्या आसपास. साध्या संगीताच्या रेकॉर्डरचं ते काम नव्हे. सुरुवात करणाऱ्याने त्याचा नाद सोडावा.

आणि देवमासा? "जेटीवरून देवमासा ऐकू येईल का?" हे मला सर्वात जास्त वेळा विचारलं जातं. उथळ पाणी जाड आवाज वाहून नेत नाही. पाच मीटर खोल पाणी आणि खाली वाळूचा तळ असेल तर साधारण २०० हर्ट्झच्या खालचा आवाज दूरवर पोचतच नाही, तळात मुरतो. निळ्या देवमाशाचं गाणं सुमारे शंभर हर्ट्झ आणि त्याखालचं. त्यामुळे ते लक्षद्वीपला कवरत्तीजवळच्या खोल पाण्यात ठेवलेल्या रेकॉर्डरवर सापडतं, नेरूलच्या खाडीत नाही. कुबड्या देवमाशाचं गाणं वरच्या पट्टीत कित्येक किलोहर्ट्झपर्यंत जातं आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळ त्याच्या गाण्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी केल्याही आहेत. अरबी समुद्रातले हे कुबडे देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि उरलेत फारच थोडे. पण त्यांच्यासाठी महिनोन्महिने तळाशी ठेवायचं यंत्र लागतं. आपण डॉल्फिनच्या शिट्टीवर राहू.

तालीम पहिली: आवाजाचा वेग

पाण्यात आवाज सेकंदाला १५०० मीटर जातो असं सगळीकडे छापलेलं असतं. आपल्या पाण्यात तो आकडा वापरू नका. तापमान 'त' अंश सेल्सियस, क्षारता 'क्ष' (दर हजारी), खोली 'ख' मीटर धरली तर सोपं सूत्र असं:

वेग = १४४९.२ + ४.६त − ०.०५५त² + ०.०००२९त³ + (१.३४ − ०.०१त)(क्ष − ३५) + ०.०१६ख

पाणी २८ अंश, क्षारता ३५: वेग येतो १५४१. पावसाळ्यानंतर मांडवीचं गोडं पाणी मिसळून क्षारता २० वर आली, तर तोच वेग १५२५. फरक किरकोळ वाटतो, पण पुढे कोन काढताना तो अंगावर येतो. तापमापक आणि मत्स्यालयवाल्यांकडे मिळणारा क्षारतामापक, दोन्ही दोरीला बांधून वरचं आणि तळाजवळचं पाणी मोजा.

वरचं आणि खालचं, दोन्ही का? आवाज नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो. नदीच्या मुखाशी वर गोडं, खाली खारं असेल तर वरचा थर मंद, मग आवाज वर वळतो. फेब्रुवारीच्या दुपारी वरचं पाणी तापलेलं असेल तर उलट: आवाज खाली वाकतो आणि चिखलाच्या तळात जिरतो. सकाळी चांगलं ऐकू आलेलं दुपारी गायब होण्याचं हे एक कारण. दुसरं कारण अर्थातच ट्रिपच्या बोटी.

तालीम दुसरी: किती लांबचं ऐकू येईल

यासाठी एका वहीचं पान पुरतं. समजा शिट्टी उगमापासून एक मीटरवर १४० डेसिबल आहे. उथळ पाण्यात अंतरानुसार होणारी घट साधारण १५ × लॉग(अंतर) धरतात. एक किलोमीटरवर घट ४५ डेसिबल, उरले ९५. त्या पट्ट्यातला पाण्याचा नेहमीचा गोंगाट ९५ धरला तर एक किलोमीटर ही आपली हद्द.

आता एक बोट जवळून गेली आणि गोंगाट ११० झाला असं धरा. १४० वजा ११० म्हणजे ३०, म्हणजे लॉग(अंतर) २, म्हणजे हद्द १०० मीटर! पंधरा डेसिबलच्या गोंगाटाने किलोमीटरचे शंभर मीटर केले. यातले डेसिबल मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या जागेचे तुम्ही मोजाल. पण हे गणित एकदा हाताने केलं की माइकच्या किमतीपेक्षा जागा आणि वेळ का महत्त्वाची ते डोक्यात बसतं. पणजीसमोर कॅसिनोंच्या जहाजांचे जनरेटर रात्रभर घुमत असतात, तिथे कितीही महाग माइक टाका.

याच्या पुढची पायरी म्हणजे बेलहॉप. आवाजाचे किरण पाण्यात कसे वाकतात, तळावर आणि पृष्ठभागावर कसे आपटतात ते काढणारा हा मोफत प्रोग्राम जगभर वापरला जातो. तो पायथन या संगणकभाषेतून सहज चालवण्यासाठी 'आर्लपाय' नावाचं पॅकेज आहे. त्याला चार गोष्टी द्यायच्या: खोली, वेगाचा उभा आलेख (किती खोलीवर आवाजाचा वेग किती), तळ वाळूचा की चिखलाचा, आणि वारंवारता. खोलीसाठी नौकानयनाचा नकाशा घ्या किंवा शिशाची दोरी टाका. मांडवीच्या मुखावरची वाळूची पट्टी पावसाळ्यात सरकते, तेव्हा गेल्या वर्षीचा आकडा यंदा खरा धरू नका. एक खबरदारी: किरणांची पद्धत शिट्टीसाठी ठीक आहे, उथळ पाण्यातल्या जाड आवाजाला ती चुकीची उत्तरं देते. देवमाशाचा अभ्यास करायचा असेल तर बेलहॉपच्याच संचातला क्राकेन हा प्रोग्राम वापरा.

बेलहॉपमध्ये माझा सर्वात उपयोगी प्रयोग अगदी साधा होता. माइक अर्ध्या मीटरवर, मग एकावर, मग तीनवर ठेवून बघितला. पृष्ठभागावरून परतणारा आवाज उलटा होऊन येतो आणि मूळ आवाजाला खोडतो. पृष्ठभागाजवळ ही खोड सर्वात जास्त. सहा मीटर पाण्यात माइक साधारण मध्यावर, तीन मीटरला ठेवावा हे मला संगणकाने सांगितलं. आधीचे तीन रविवार मी तो अर्ध्या मीटरवर धरून बसलो होतो.

तालीम तिसरी: खोटा डॉल्फिन सापडतो का

एका माइकने 'आहे की नाही' कळतं. दिशा हवी तर दोन लागतात. दोन माइक एका काठीवर तीन मीटर अंतरावर लावा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या माइकला आधी लागतो. वेळेचा हा फरक जास्तीत जास्त ३ ÷ १५४१, म्हणजे जेमतेम १.९५ मिलिसेकंद. फरक १ मिलिसेकंद असेल तर १५४१ × ०.००१ ÷ ३ = ०.५१४, आणि ज्याची साइन ०.५१४ तो कोन सुमारे ३१ अंश. हा कोन माइकच्या रेषेला काटकोनात, अगदी समोर धरलेल्या शून्यापासून मोजायचा. पुढून की मागून हे दोन माइकना कळत नाही. जेटीवर त्याची फिकीर नाही, मागे जमीनच असते.

अंतर हवं तर अशा दोन जोड्या लांब लांब ठेवून दोन दिशारेषा छेदायच्या. एकेक माइकचे चार सुटे रेकॉर्डर ठेवून वेळ जुळवण्याच्या फंदात पडू नका. स्वस्त रेकॉर्डरचं घड्याळ दहा लाखांत दहा भागांनी जरी चुकलं, तरी तासाभरात ३६ मिलिसेकंद सरकतं आणि पाण्यात त्याचे ५५ मीटर होतात. एका जोडीचे दोन्ही माइक एकाच स्टिरिओ रेकॉर्डरवर असले की त्यांचं घड्याळ एकच. दोन जोड्यांमध्ये मग अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी चालतो.

आता संगणकावर नकाशा काढा. दोन जोड्या ४०० मीटर अंतरावर. समोर ६०० मीटरवर खोटा डॉल्फिन ठेवा, चारही माइकवर आवाज कधी पोचेल ते काढा, प्रत्येक वेळेत यादृच्छिक चूक मिसळा आणि त्या बिघडवलेल्या वेळांवरून जागा परत शोधायला लावा. हे हजार वेळा करा. पायथनमध्ये तीस-चाळीस ओळींचं काम आहे, बारावीच्या मुलाला जमतं. वेळेच्या फरकात २० मायक्रोसेकंदांची चूक धरली तर समोरच्या डॉल्फिनच्या दिशेत सुमारे ०.६ अंश चूक येते, आणि अंतरात १५ मीटरच्या आसपास. तोच डॉल्फिन १२०० मीटरवर नेला की अंतरातली चूक ५० मीटरच्या वर जाते. अंतर दुप्पट, चूक जवळजवळ चौपट.

मग मुद्दाम चुका करून बघा. तीन मीटरची काठी खरं तर ३.१० मीटर असेल तर? समोर काही फरक नाही. ६० अंशांवर मात्र दिशा तीन अंशांहून जास्त चुकते, अर्ध्या किलोमीटरवर ३० मीटरच्या आसपास. वेग १५४१ ऐवजी १५०० धरला तर अडीच अंशांच्या आसपास. तात्पर्य असं की माइकची रेषा अशी लावा की डॉल्फिनची नेहमीची वाट समोर येईल, बाजूच्या टोकाला नाही. आणि ही वाट रापण ओढणारा मच्छीमार किंवा ट्रिपचा नावाडी तुम्हाला कुठल्याही कागदापेक्षा नीट सांगेल.

सामान

तयार हायड्रोफोन घेणार असाल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. घरी बनवायचा तर बझरमधली पिझो चकती (आवाजाच्या दाबाची वीज करणारी), जाळीच्या आवरणाची केबल, छोटा प्रीअ‍ॅम्प (क्षीण सिग्नल मोठा करणारा) आणि वर अ‍ॅरल्डाइटचा जाड थर. शिट्टीला तो पुरतो, पण संवेदनशीलता नेमकी किती ते कळत नसल्याने डेसिबलचे दावे करू नका. पाण्यात बुडवून ठेवता येणारा हायड्रोमॉथसारखा रेकॉर्डर 'आहे की नाही' या कामाला उत्तम, पण त्याला एकच कान आहे.

रेकॉर्डर सेकंदाला ९६ हजार नमुने घेणारा, २४ बिटांचा, स्टिरिओ. तासाला दोन जीबीहून थोडी जास्त जागा खातो. फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवा. एमपी३ आपल्याला ऐकू न येणारा भाग फेकून देतं, आणि आपण त्याच भागासाठी आलोय.

काठी पीव्हीसीची किंवा बांबूची. आत कोंडलेली हवा आवाज परतवते, म्हणून पाइपला भोकं पाडा आणि बांबूचं प्रत्येक पेर टोचा. माइक काठीला कडक बांधू नका, रबराच्या पट्टीत झुलवा. केबल ताणलेली राहिली तर ओहोटीत तंबोऱ्यासारखी घुमते. लॅपटॉप चार्जरवर लावून रेकॉर्डिंग करू नका, ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची पिल्लावळ घेऊन घरी याल.

दिवस आणि परवानगी

माइक पाण्यात सोडून नुसतं ऐकणं निरुपद्रवी असलं तरी जेटीवरून केबल सोडणारा माणूस संशयास्पदच दिसतो. बंदराचा जलमार्ग जवळ आहे, नौदल जवळ आहे. बंदर कप्तान खातं, वन खातं आणि किनारी पोलीस यांना लेखी कळवून पोच खिशात ठेवा. डॉल्फिनना बोलावण्यासाठी पाण्यात आवाज वाजवण्याचा विचारही नको.

पावसाळा सोडा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, वारा सुटण्याआधी आणि पहिली ट्रिप निघण्याआधी. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतो, त्यापेक्षा अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती बघा आणि पाणी थबकतं तो अर्धा-पाऊण तास साधा.

काठीची दिशा मोबाइलच्या होकायंत्राने घेऊ नका, जेटीचं लोखंड त्याला वेड लावतं. आग्वादच्या दीपगृहासारखी नकाशावर असलेली ठाम खूण धरा आणि काठी तिच्याशी किती अंशांवर आहे ते मोजा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर तारीख, वेळ आणि जागा मोठ्याने बोला. एक जण सतत वही लिहील: कुठली बोट कधी गेली, पाठ कुठे दिसली, किती होते. ही वही नसेल तर रेकॉर्डिंग निम्म्या किमतीचं.

आणि सुरुवातीला एक चाचणी. आसपास डॉल्फिन नाहीत याची खात्री करून मित्राला होडीतून दोन-तीनशे मीटरवर पाठवा, इंजिन बंद करायला सांगा आणि पाण्यात दोन लोखंडी पाइप एकमेकांवर ठोकायला सांगा. त्याच्या मोबाइलवरचं ठिकाण आणि तुमचं गणित जुळलं तरच पुढे जा. नाही जुळलं तर बहुतेक वेळा डावी-उजवी केबल अदलाबदल झालेली असते. हसू नका, तुमचीही होईल.

घरी आल्यावर

ऑडॅसिटी या ध्वनीच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम लावा, म्हणजे आडवा वेळ आणि उभी वारंवारता दाखवणारं आवाजाचं चित्र. खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, १०२४ नमुन्यांची ठेवली तर ९६ हजारांच्या वेगाला ती सुमारे १०.७ मिलिसेकंदांची होते, शिट्टीला योग्य. ३ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाका, बोटींचा बराचसा जोर तिथेच असतो.

पहिल्यांदा दिसेल तो तळण्यासारखा चरचराट, अखंड. तो यंत्राचा दोष नाही. बोटाएवढी एक कोळंबी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि अशा हजारो असतात. संध्याकाळनंतर माशांचे समूहस्वरही मिळतील. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी झुआरीच्या मुखाकडच्या माशांच्या अशा समूहगानाचा अभ्यास केला आहे. डॉल्फिनची शिट्टी या सगळ्यात वेगळी दिसते: एक बारीक वळणदार रेघ, चढणारी, उतरणारी किंवा उलट्या वाटीसारखी, बहुधा सेकंदभराच्या आत संपणारी. टकटक म्हणजे खालपासून वरपर्यंत उभ्या रेघांची रांग. कोळंबीच्या उभ्या रेघा वेड्यावाकड्या वेळी पडतात, डॉल्फिनच्या रेघांमधलं अंतर हळूहळू बदलतं. शंभरेक बघितल्यावर नजर बसते. फाइली खूप झाल्या तर शोधायचं काम पॅमगार्ड या प्रोग्रामवर सोपवा. तो मोफत आहे, पण त्याने दाखवलेली प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा.

वेळेचा फरक काढायला दोन वाहिन्यांचं क्रॉस-कोरिलेशन करतात: एक वाहिनी दुसरीवर सरकवत न्यायची आणि सर्वात चांगली कुठे जुळते ते बघायचं. इथे एक सापळा आहे. एकाच पट्टीत लांबलेली शिट्टी दर लाटेला जुळते. १० किलोहर्ट्झला हे खोटे जोड ०.१ मिलिसेकंदाच्या अंतराने येतात आणि त्यातला खरा कुठला ते कळत नाही. म्हणून झपकन चढणारी किंवा उतरणारी शिट्टी निवडा, किंवा टकटक. टकटकीचा ४८ किलोहर्ट्झखालचा तुकडाच तुमच्याकडे असेल, पण वेळ काढायला तो पुरतो. ती टॉर्चच्या झोतासारखी पुढेच जात असल्याने प्राण्याचं तोंड तुमच्याकडे असेल तेव्हाच नीट मिळते.

आता दर काही सेकंदांनी एकेक ठिपका मिळेल, मध्ये मोठी खिंडारं, एखादा ठिपका थेट किल्ल्याच्या बुरुजावर. इथे तालमीतला खोटा डॉल्फिन पुन्हा कामाला येतो. या वेळी दोन हजार सोडा. प्रत्येकाला स्वतःची जागा, दिशा आणि सेकंदाला एक-दोन मीटरचा वेग द्या. प्रत्येक खऱ्या दिशारेषेनंतर तिच्याजवळ असलेल्यांचं वजन वाढवा, लांबच्यांचं कमी करा, जमिनीवर चढलेल्यांना काढून टाका आणि वजनदारांच्या नकला करून संख्या पुन्हा दोन हजार करा. याला पार्टिकल फिल्टर म्हणतात. शिट्टी थांबली की ठिपक्यांचा ढग पसरतो, पुन्हा आली की आवळतो. मला ही पद्धत एका कारणाने आवडते: ती ठाम रेघ न काढता आपली अनिश्चितता किती ते ढगाच्या आकाराने दाखवते. नकाशावर तो ढगच छापा. अनेक प्राणी एकदम बोलत असतील तर मात्र ती गोंधळते. तेव्हा मार्ग काढायचा हट्ट सोडून फक्त 'या भागात कळप' एवढं लिहा.

मूळ वेव्ह फाइली, वही आणि त्या दिवसाचं तापमान-क्षारता हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. संशोधकाला दाखवायला जाल तेव्हा तो तुमचा सुंदर नकाशा बाजूला सारून आधी तेच मागेल. आजची जागा मात्र आजच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे सहा बोटी उभ्या असतात आणि तुमच्या रेकॉर्डिंगची हद्द पुन्हा शंभर मीटरवर आलेली असते.